आधी वाळवा, मग सजवा: घरातल्या आणि झाडाखालच्या वस्तूंपासून सणाची सजावट

पहिल्यांदाच घरी सजावट करायला बसलेला माणूस आधी कात्री शोधतो. माझं सांगणं, आधी कॅलेंडर बघा. सणाला तीन आठवडे असतील तर खाली दिलेलं सगळं जमेल. चारच दिवस असतील तर कागदाचं काम करा. पाहुणे आज संध्याकाळीच येणार असतील तर खाकी पिशव्यांचा तारा आणि काचेच्या बरण्या, बस्स. घरगुती सजावट फसते ती बहुतेक वेळा वस्तूत ओल राहिल्यामुळे. हात वळत नाही ही तक्रार फार नंतरची. ओल राहिली की पानांवर बुरशी चढते, चिकटवलेलं सुटतं, पिठाचे तारे सादळतात.

माझी पहिली संत्र्याच्या चकत्यांची माळ तिसऱ्या दिवशी उतरवावी लागली होती. चकत्या हाताला कोरड्या लागल्या म्हणून मी त्या घाईने ओवल्या. मधल्या चार-पाच चकत्यांवर हिरवट लव आली आणि खिडकीच्या चौकटीवरून मुंग्यांनी दोऱ्यावर शिस्तीत रांग लावली. माळेपेक्षा ती रांगच जास्त एकसारखी होती. तेव्हापासून माझा नियम एकच: जे टांगायचं ते आधी खडखडीत वाळवायचं.

काय काय जमवायचं

घरातून जुनी वर्तमानपत्रं, खाकी कागदी पिशव्या, पुठ्ठा, रिकाम्या बरण्या, सुटी बटणं, उरलेली लोकर आणि सुतळी काढून ठेवा. हत्यारं म्हणून कात्री, पट्टी, पेन्सिल, दाभण, बारीक तार, पक्कड आणि शाई संपलेलं एक बॉलपेन घ्या. हे पेन फेकू नका, पुढे त्याचं मोठं काम आहे.

कागद चिकटवायला विकतचा गोंद चालतोच, पण मला घरची खळ जास्त आवडते. पाव वाटी मैदा थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडेपर्यंत कालवायचा, मग उरलेलं पाणी घालून मंद आचेवर सतत ढवळत शिजवायचा. पाणी एकूण सव्वा वाटी. खळ पारदर्शक झाली आणि चमच्यावरून जाडसर ओघळू लागली की उतरवा. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते, आंबट वास आला की टाकून द्या. कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे. मोरचूद विषारी असतं, तेव्हा मुलं हात घालणार असतील तर त्या वाटेला जाऊ नका.

झाडाखालून फक्त पडलेलं उचला: पानं, शेंगा, बियांची बोंडं, वाकड्यातिकड्या काटक्या, सालीचे तुकडे, पाइनकोन (पाइनच्या झाडाचे खवलेदार, लाकडी शंकू). दव उडून गेल्यावर, कोरड्या दुपारी जा. सकाळी ओली पानं पिशवीत भरून आणली तर घरी येईपर्यंत ती घामेजलेली असतात. कण्हेरीच्या फांद्या घेऊ नका, तिचा प्रत्येक भाग विषारी असतो. लाल-काळ्या गुंजाही टाळा. दिसायला त्यांच्याइतकी सुंदर बी क्वचितच असेल, पण ओवण्यासाठी भोक पाडलं की वरचं कठीण कवच फुटतं आणि आतलं विष मोकळं होतं. लहान मूल किंवा प्राणी असलेल्या घरात त्या नकोतच.

आणलेला ऐवज सरळ घरात पसरू नका. बाहेर वर्तमानपत्रावर झटका, एक दिवस उन्हात ठेवा. पाइनकोन आणि कठीण शेंगा जुन्या ट्रेमध्ये ठेवून ओव्हनमध्ये १०० अंश सेल्सिअसवर अर्धा ते एक तास तापवल्या की आतले किडे मरतात आणि चिकट राळ वितळून सुकते. या वेळात ओव्हनपासून लांब जाऊ नका.

पाइनकोन मिटलेला मिळाला तर तो खराब आहे असं समजू नका. त्याच्या प्रत्येक खवल्यात दोन थर असतात. ओल लागली की बाहेरचा थर जास्त फुगतो, खवला आत वळतो आणि शंकू मिटतो. वाळला की पुन्हा उमलतो. झाडावरून पडल्यानंतरही हे चालूच राहतं. हवेतली ओल दाखवणारं यंत्रच म्हणा ना. माझ्या कामाच्या टेबलावर एक कायम ठेवलेला असतो. तो मिटू लागला की मी त्या दिवशी पिठाचं काम काढत नाही.

पानं दाबणं

जाडजूड, रसाळ पानं सोडा. पातळ, सपाट पानं घ्या. वर्तमानपत्राच्या चार घड्यांवर पानं एकमेकांना न लागता मांडा, वर पुन्हा चार घड्या ठेवा आणि त्यावर जड पुस्तकांचा ढीग रचा. पहिले तीन दिवस कागद रोज बदला. लोक नेमकं इथेच आळस करतात आणि मग पानं काळी पडली म्हणून झाडाला दोष देतात. पानातलं पाणी कागदात उतरतं. तोच ओला कागद ठेवला तर पान त्या पाण्यात भिजत राहतं. नंतर दोन-तीन दिवसांनी एकदा बदललात तरी पुरे. पातळ पानं आठवड्यात होतात, जाड शिरांची दोन आठवडे घेतात.

वाळलं की नाही हे कसं ओळखायचं? पान गालाला लावा. गार लागलं तर आत अजून पाणी आहे. वनस्पतींचे नमुने दाबून ठेवणारे लोकही ही खूण वापरतात. बोटांपेक्षा गालाला हे लवकर कळतं.

पानं कडक न होता लवचिक हवी असतील तर एक भाग ग्लिसरीन आणि दोन भाग गरम पाणी मिसळा, पानांच्या डहाळीच्या देठाला उभी चीर द्या आणि देठ त्या मिश्रणात बुडवून ठेवा. दोन-तीन आठवड्यांत पानं तपकिरी आणि चामड्यासारखी मऊ होतात. यासाठी मात्र ताजी डहाळी लागते, गळलेलं पान ग्लिसरीन ओढून घेत नाही. छाटणी चालू असेल तिथे मागून घ्या.

संत्र्याच्या चकत्या

घट्ट, पातळ सालीचं फळ निवडा. धारदार सुरीने ५ मिलिमीटर जाडीच्या आडव्या चकत्या करा. याहून पातळ केल्या तर जाळीला चिकटून फाटतात, जाड केल्या तर आतून वाळत नाहीत. बिया काढा. मग जुन्या सुती फडक्यात चकत्या ठेवून तळहाताने हलकेच दाबा आणि रस टिपून घ्या. या एका मिनिटाने ओव्हनचा बराच वेळ वाचतो.

चकत्या ट्रेवर न ठेवता जाळीवर मांडा, म्हणजे हवा खालूनही खेळेल. ओव्हन ९० ते १०० अंशांवर ठेवा. वेळ साधारण ३ ते ४ तास, दर तासाने चकत्या उलटायच्या. घाई म्हणून तापमान वाढवाल तर रसातली साखर करपते आणि नारिंगी चकती चॉकलेटी होते. ओव्हन नसेल आणि ऊन कडक, हवा कोरडी असेल तर वर जाळीचं कापड टाकून तीन ते पाच दिवस उन्हात वाळवा, रोज संध्याकाळी आत घ्या. हवा दमट असेल तर उन्हाचा प्रयोग करूच नका, मुंग्यांची गोष्ट वर सांगितलीच आहे.

गरम चकती नेहमी मऊ लागते, म्हणून परीक्षा गार झाल्यावर घ्या. गराच्या पाकळ्यांवर बोट दाबा, चिकटलं तर परत ओव्हनमध्ये. साल आणि गर यांच्यामधला पांढरा भाग चिमटीत धरून बघा, ओल सगळ्यात शेवटी तिथून जाते. तिथे स्पंजासारखं दबलं तर अजून अर्धा तास. नीट वाळलेली चकती उजेडासमोर धरली की रंगीत काचेसारखी दिसते, म्हणूनच तिची जागा खिडकीत.

ओवताना दाभण सालीतून घुसवू नका, साल लाकडासारखी झालेली असते आणि चकती मधोमध तडकते. सालीच्या लगत, गराच्या कडेला दोन भोकं शेजारी-शेजारी पाडा, एकातून दोरा मागे न्या आणि दुसऱ्यातून पुढे आणा. एकाच भोकातून ओवलेली चकती गिरकी घेऊन कड दाखवत राहते, दोन भोकांची समोर बघते.

मिठाच्या पिठाचे तारे

मुलांना बरोबर घ्यायचं तर हेच काम द्या. दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, पाऊण ते एक वाटी कोमट पाणी. पाणी थोडं थोडं घाला, सगळं एकदम ओतू नका. गोळा हाताला न चिकटणारा आणि पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट हवा. आठ-दहा मिनिटं मळा. कमी मळलेल्या पिठाला वाळताना चिरा पडतात. बेकिंग पावडर मिसळलेला तयार मैदा वापरू नका, नाहीतर ताऱ्यांची टेकाडं होतात.

पीठ ५-६ मिलिमीटर जाड लाटा. वाटीने, झाकणाने किंवा सुरीने आकार कापा. पानाची शिरांची बाजू खाली ठेवून वर लाटणं फिरवलं की सुरेख नक्षी उमटते. टांगायचं भोक स्ट्रॉने पाडा, कडेपासून १ सेंटीमीटर आत. कडेच्या जवळ पाडाल तर तारा भोकातून तुटून खाली येणार.

१०० ते ११० अंशांवर २ ते ३ तास, मध्ये एकदा उलटून. जास्त आच दिली तर फुगवटे येतात. ओव्हनशिवाय करायचं तर जाळीवर मांडून हवेशीर जागी तीन ते पाच दिवस ठेवा आणि रोज दोनदा उलटा. नुसतं एका बाजूने वाळू दिलं तर कडा वर उचलून तारा होडीसारखा होतो. मग नखाने टिचकी मारा. ‘ठप’ आवाज आला तर मध्ये ओल आहे, ‘टक’ आला तर झालं.

आता या कलाकृतीचा शत्रू. मीठ बुरशीला दूर ठेवतं हे खरं, पण हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की हेच मीठ हवेतलं पाणी ओढून पाझरू लागतं. तारे सादळतात ते यामुळे. उपाय म्हणजे वॉर्निश: पुढून, मागून, कडांना आणि भोकाच्या आतूनही. मात्र पूर्ण वाळल्यावरच. ओल्या ताऱ्यावर वॉर्निश लावणं म्हणजे पाणी आत कोंडून दार लावून घेणं. रंग द्यायचा तर ॲक्रिलिक वापरा. जलरंगात भरपूर पाणी असतं, ते वरचं मीठ विरघळवतं आणि रंग डागाळतो.

घरात कुत्रा असेल तर हे तारे त्याच्या तोंडाला लागणार नाहीत इतके उंच टांगा, कच्च्या गोळ्यावरही लक्ष ठेवा. इतकं मीठ पोटात गेलं तर त्याच्या जिवावर बेतू शकतं.

दमट हवेत मी हल्ली दुसरं मिश्रण करतो. दोन वाट्या खाण्याचा सोडा, एक वाटी कॉर्नफ्लोअर, सव्वा वाटी पाणी. हे मंद आचेवर ढवळत राहायचं. आधी दुधासारखं पातळ असतं आणि बराच वेळ काहीच होत नाहीसं वाटतं. मग अचानक घट्ट होऊन कुस्करलेल्या बटाट्यासारखा गोळा जमतो. लगेच उतरवा, ओल्या फडक्याखाली गार करा, मळा आणि लाटा. मिठाच्या पिठापेक्षा हे पांढरंशुभ्र आणि गुळगुळीत होतं, हवेवर एक-दोन दिवसांत वाळतं.

कागदी चक्र

कागदाच्या लांब पट्टीला पंख्यासारख्या घड्या घालून हे गोल चक्र होतं. पट्टीची रुंदी म्हणजे चक्राची त्रिज्या. परीघ त्रिज्येच्या सव्वासहा पट, म्हणून पट्टी रुंदीच्या किमान तेवढी लांब हवीच. चुण्यांना उठाव राहावा म्हणून मी आठ पट घेतो. ८ सेंटीमीटर रुंद आणि ६४ सेंटीमीटर लांब पट्टीचं चक्र १६ सेंटीमीटर व्यासाचं होतं. एवढा लांब कागद नसेल तर दोन-तीन तुकडे जोडा.

पट्टी कापण्याआधी कागदाचा एक कोपरा फाडून बघा. एका दिशेने कागद सरळ फाटतो, दुसऱ्या दिशेने वाकडातिकडा. सरळ फाटण्याची दिशा पट्टीच्या रुंदीकडे ठेवा, म्हणजे घड्या त्याच दिशेने पडतील आणि त्यांची धार स्वच्छ येईल. हे ठाऊक नसताना मी जाड कागदाच्या घड्या तुटतात म्हणून कागदालाच नावं ठेवत होतो.

दोन्ही लांब कडांवर दर १ सेंटीमीटरला खूण करा. समोरासमोरच्या खुणांवर पट्टी ठेवून शाई संपलेल्या पेनाने रेघ दाबा. मग पंख्यासारख्या एक पुढे, एक मागे अशा घड्या घाला. दोन्ही टोकं खळीने जोडली की मुकुटासारखी उभी गोल कडी तयार होते. जोड सुकू द्या. आता कडी टेबलावर उभी ठेवून वरची कड दोन्ही हातांनी मध्याकडे ढकला. ती एकदम आडवी पडून चक्र होईल आणि हात सोडताच पुन्हा उडी मारून उभी राहील. म्हणून ४ सेंटीमीटर व्यासाच्या पुठ्ठ्याच्या दोन टिकल्या आधीच कापून, खळ लावून तयार ठेवा. एक खाली, एक वर, आणि वर जड वाटी तासभर. मध्यभागी बटण, बोंड किंवा दाबलेलं पान लावा.

रंग हवा असेल तर कडक चहाच्या पाण्यात बुडवून वाळवलेला कागद जुनाट, उबदार दिसतो. हळदीचा पिवळाही छान येतो, पण उन्हात तो भराभर उडतो. हळदीची चक्रं खिडकीपासून लांब लावा.

घाई असणाऱ्यांसाठी खाकी पिशव्यांचा तारा: सारख्या मापाच्या आठ पिशव्या घ्या. पिशवीवर बंद टोकाच्या बाजूने एक आणि तिच्या मध्यातून उघड्या तोंडापर्यंत दुसरी, अशी उलट्या ‘टी’सारखी गोंदाची रेघ ओढा. त्यावर दुसरी पिशवी त्याच दिशेने बसवा, असंच पुढे. गोंद सुकल्यावर उघडी तोंडं टोकदार कापा, पंख्यासारखं उलगडा. गोल पुरत नसेल तर एक-दोन पिशव्या वाढवा, मग पहिली आणि शेवटची चिकटवा. अर्ध्या तासात भिंत भरते.

वेलींचं कडं

इथे नियम उलटतो, कारण वाळलेली वेल वाकवली की मोडते. हिरव्या लवचिक वेली घ्या किंवा सुकलेल्या तासभर कोमट पाण्यात भिजवा. पहिल्या वेलीचं ३० सेंटीमीटर व्यासाचं कडं करून बांधा. उरलेल्या एकेक करून त्याभोवती पिळत जा आणि टोकं आत खोचा. सहा-सात वेलींत कडं भरीव होतं. वजनाखाली सपाट ठेवून आठवडाभर वाळवा. वाळताना वेली आकसतात आणि बांधलेली सुतळी सैल पडते, म्हणून पानं, पाइनकोन त्यानंतरच तारेने बांधा.

माळ टांगताना

सरळ ताणलेली माळ धुणं वाळत घातल्यासारखी दिसते, थोडा झोळ हवा. ४ मीटर रुंद भिंतीवर मध्ये १ मीटर झोळ द्यायचा तर दोरा सुमारे ४ मीटर ६० सेंटीमीटर लागतो. गाठी धरून ५ मीटर कापा. आधी सगळं जमिनीवर मांडा आणि मध्यापासून दोन्हीकडे ओवत जा. एका टोकाने सुरुवात केली तर चांगल्या वस्तू पहिल्या मीटरभरातच संपतात. प्रत्येक वस्तूच्या दोन्ही बाजूंना गाठ मारा, नाहीतर सगळ्या घसरून मध्ये गोळा होतात.

बरण्या आणि आग

बरणीवरचं लेबल धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यात रात्रभर ठेवलं की सुटतं. राहिलेल्या चिकटपणावर तेल आणि खाण्याचा सोडा यांची पेस्ट पंधरा मिनिटं लावून घासा. आत बॅटरीवरच्या बारीक दिव्यांची माळ सोडली की काम झालं.

मेणबत्तीच लावायची असेल तर बरणीला बाहेरून पानं, कागद, सुतळी काहीही लावू नका. तळाशी दोन-तीन सेंटीमीटर वाळू टाका आणि कुठल्याही जळणाऱ्या वस्तूपासून किमान ३० सेंटीमीटर लांब ठेवा. खोलीतून उठताना विझवा. इतका वेळ सगळं खडखडीत वाळवा म्हणून सांगितलं, पण जे वाळलंय ते पेटतंही क्षणात. ज्योतीच्या वर माळ टांगायची नाही, यात घासाघीस नको.

उतरवून ठेवताना

चकत्या आणि चुरा झालेली पानं खताच्या खड्ड्यात टाका, पण वॉर्निश किंवा रंग लावलेलं काही तिथे नको. चक्रं कडेच्या घड्या दाबल्या न जाता सपाट डब्यात बसतात. पिठाचे तारे कागदात वेगवेगळे गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, बुटांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या जपून ठेवल्या असतील तर दोन-तीन सोबत टाका आणि वर एक उमललेला पाइनकोन ठेवा. पुढच्या खेपेला डबा उघडाल तेव्हा आधी तो बघा. मिटलेला दिसला तर तारे टांगण्याआधी अर्धा दिवस उन्हात पसरा.